वाघूर, राखण आणि जबाबदारी : अलिबाग परिसरातील मेंढवाड्यांच्या निमित्ताने

१

भाताची कापणी उरकली, खळी निघाली आणि खाचरे मोकळी झाली, म्हणजे अलिबाग व पेण या तालुक्यांच्या शिवारांत घाटावरील मेंढवाडे दिसू लागतात. पुणे व सातारा जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील धनगर दिवाळीनंतर बोरघाटाने किंवा इतर घाटवाटांनी खाली उतरतात, चारपाच महिने कोकणात फिरतात आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा देशावर परततात. दख्खनी मेंढीला कोकणातील पाऊस मानवत नाही व देशावरील उन्हाळ्यात तिला पुरेसा चारा मिळत नाही. या दुहेरी अडचणीतून हे वार्षिक परिभ्रमण निर्माण झाले आहे. कोकणातील शेतकऱ्यालाही त्याची गरज असते. कळप रात्रभर शेतात बसविला की लेंडीखत व मूत्र जागच्या जागी जमिनीत मुरते, आणि त्याबद्दल मेंढपाळाला पूर्वी धान्य मिळे, आता बहुधा रोख रक्कम मिळते.

या व्यवहाराची आर्थिक बाजू अभ्यासकांच्या परिचयाची आहे. धनगरांच्या दैवतांचा व परंपरांचा अभ्यास गुंथर सोन्थायमर यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या जर्मन ग्रंथात केला असून, बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या तीन दैवतांच्या आधारे पशुपालक समाज व शेतकरी समाज यांचे संबंध त्यांनी उलगडून दाखविले आहेत. माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा यांनी धनगरांच्या विविध शाखांचा पर्यावरणाच्या दृष्टीने विचार केला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय याहून मर्यादित आहे. रात्री उघड्या शेतात बसलेल्या कळपाचे हिंस्र श्वापदांपासून रक्षण कसे होते, ते न झाल्यास हानीची जबाबदारी कोणावर येते, आणि या जबाबदारीच्या कल्पनेत काळानुसार काय बदल झाला, एवढ्याच प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे विवेचनाचा आरंभ एका शब्दापासून होत आहे.

२

रात्री कळपाभोवती खुंट्यांच्या आधाराने जे जाळे उभे करतात, त्याला मेंढपाळ वाघर किंवा वाघूर म्हणतात. आता ते बहुधा नायलॉनचे असते. ‘वाघापासून राखते ती वाघर’ अशी व्युत्पत्ती ऐकणाऱ्याला सहज सुचते. परंतु ती खरी नव्हे. संस्कृतात ‘वागुरा’ हा शब्द पशू पकडण्याच्या जाळ्याला आहे. अमरकोशात तो याच अर्थाने नोंदलेला असून, अशा जाळ्यावर उपजीविका करणाऱ्या पारध्याला ‘वागुरिक’ म्हटले आहे. प्राकृतात त्याचे ‘वग्गुरा’ असे रूप आढळते. स्वरमध्यस्थ एकेरी ‘ग’ प्राकृतात सामान्यतः लोप पावतो. तो मराठीत टिकून राहिला याचे कारण ‘वग्गुरा’मधील द्वित्व हेच असले पाहिजे. द्वित्व जाऊन पूर्वस्वर दीर्घ झाला, म्हणजे ‘वागूर’ हे रूप नियमाने सिद्ध होते. उरतो तो ‘ग’चा ‘घ’. ध्वनिनियमाने त्याचा उलगडा होत नाही. येथे ‘व्याघ्र’, ‘वग्घ’, ‘वाघ’ या मालिकेतील शब्दाचा संसर्ग झाला, असे मानणे भाग आहे. जाळ्याचे नाव आणि ज्याच्या भयाने जाळे लावावयाचे त्याचे नाव ही बोलणाऱ्याच्या मनात एकमेकांशेजारी होती. लोकव्युत्पत्तीला याहून अनुकूल भूमी मिळणे कठीण. (जळगाव जिल्ह्यातील वाघूर नदीच्या नावाशी मात्र या शब्दाचा संबंध जोडण्यास केवळ ध्वनिसाम्य पुरेसे नाही.)

या शब्दाच्या अर्थात झालेले परिवर्तन अधिक लक्षणीय आहे. पारध्याची वागुरा श्वापदाला आत अडकविण्यासाठी असे. मेंढपाळाची वाघर श्वापदाला बाहेर ठेवण्यासाठी आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु प्रत्यक्ष वस्तूकडे पाहिले, तर हेही पूर्णतः खरे नाही. कमरेइतक्या उंचीचे जाळे बिबट्याला अडवू शकत नाही. तो ते लीलया ओलांडील. वाघरीचे खरे काम मेंढरांना एकत्र धरून ठेवणे हे आहे. भयभीत कळप फुटला, चारी दिशांना पांगला, म्हणजे श्वापदाचे काम सोपे होते. आणि अंधारात पांगलेली मेंढरे पुन्हा गोळा करताना जी हानी होते, ती कित्येकदा मूळ हल्ल्यातील हानीहूनही मोठी असते. म्हणजे वाघर आजही बांधून ठेवण्याचेच साधन आहे. फरक एवढाच, की पूर्वी ती ज्याला धरी त्याला मारण्यासाठी धरी, आता ती ज्याला धरते त्याला वाचविण्यासाठी धरते.

३

कळप एकत्र धरून ठेवणे हे केवळ कौशल्य नव्हे, ते मेंढपाळाचे कर्तव्य आहे, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात स्वामी व पाल यांच्या विवादाचे प्रकरण आहे. दिवसा पशूंची जबाबदारी पालावर. रात्री ते स्वामीच्या घरी असतील तर स्वामीवर, अन्यथा रात्रीही पालावरच, असे तेथे सांगितले आहे. पुढे शेळ्यामेंढ्यांविषयी दोन श्लोक येतात, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहेत. पहिल्यात (८.२३५) असे म्हटले आहे, की लांडग्यांनी शेळ्यामेंढ्यांना वेढले असता पाल धावून आला नाही, तर लांडगा जिला मारील तिचा दोष पालाकडे जातो. दुसऱ्यात (८.२३६) असे, की पालाने एकत्र राखलेली मेंढरे रानात चरत असता लांडग्याने अकस्मात झेप घालून एखादी मारली, तर पाल दोषी नव्हे.

या दोन श्लोकांतील शब्दयोजना पाहण्यासारखी आहे. पहिल्यात ‘संरुद्ध’ हा शब्द येतो, दुसऱ्यात ‘अवरुद्ध’. दोन्ही ‘रुध्’ या एकाच धातूपासून सिद्ध झालेले आहेत. कळपाला रोधणारा कोण, एवढ्यावर निर्णय अवलंबून ठेवलेला आहे. रोध लांडग्यांनी केला आणि पाल दूर राहिला, तर दोष पालाचा. रोध पालाने केलेला होता आणि तरीही घात झाला, तर दोष कोणाचाच नाही. हानी झाली की नाही हा येथे प्रश्नच नाही. हानीपूर्वी कळपाची व्यवस्था कशी होती, हा प्रश्न आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीत हेच तत्त्व मोजणीच्या भाषेत येते. सकाळी जसे पशू सोपविले, तसे सायंकाळी परत करावेत. वेतन घेणाऱ्या गोपाच्या हयगयीने जे मेले वा हरवले, त्यांची भरपाई त्याने करावी. सायंकाळची मोजणी आजही वाड्यावर होते आणि तिच्यामागचे प्रयोजन तेच आहे.

पुराव्याचा विचार कौटिल्याने अधिक बारकाईने केला आहे. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील गोध्यक्षाच्या प्रकरणात, चोराने, श्वापदाने, सर्पाने वा सुसरीने नेलेले जनावर पालाने अधिकाऱ्यास कळवावे, न कळविल्यास त्याचे मूल्य भरावे, असे सांगितले आहे. कारणपरत्वे मेलेल्या जनावराचा पुरावा म्हणून गायीम्हशींचे डाग दिलेले कातडे व शेळ्यामेंढ्यांच्या कानाची खूण सादर करावयाची असे. बुजऱ्या जनावरांच्या गळ्यांत घंटा बांधाव्यात, म्हणजे सर्प व श्वापदे भितील आणि जनावर कोठे चरते आहे हेही कळेल, अशीही सूचना तेथे आहे. रक्षण, वार्ता आणि पुरावा ही तिन्ही अंगे या प्रकरणात एकत्र आलेली आहेत.

ही विचारसरणी भारतापुरती मर्यादित नव्हती. इसवी सनपूर्व अठराव्या शतकातील हम्मुराबीच्या संहितेत असे कलम आहे, की गोठ्यात सिंहाने जनावर मारले तर पालाने देवासमोर शपथपूर्वक आपली निर्दोषता सांगावी व हानी स्वामीने सोसावी. मात्र पालाच्या निष्काळजीपणामुळे रोग उद्भवला, तर भरपाई पालाने करावी. अटळ संकट व टाळता येण्याजोगी हयगय यांत भेद करण्याची गरज प्रत्येक पशुपालक समाजाला भासली, असे यावरून दिसते. आणि हा भेद करावयाचा तर चांगली राखण म्हणजे काय, हे आधी ठरलेले असावे लागते.

४

अशी ठरलेली राखण धनगरी वाड्यात आजही पाहावयास मिळते. तिची अंगे तीन : जाळे, कुत्रा व माणूस. वाडा म्हणजे एका कुटुंबाचा तळ नव्हे. अनेक बिऱ्हाडे एकत्र चालतात व एकत्र उतरतात. त्यामुळे रात्री जागणाऱ्यांची पाळी लावता येते. माणसे कळपाच्या कडेने घोंगड्या अंथरून निजतात. लहान कोकरे वेगळी व बिऱ्हाडाजवळ ठेवली जातात. कुत्र्याचे काम श्वापदाशी झुंजण्याचे क्वचितच असते. वेळेवर भुंकून माणसाला उठविणे हे त्याचे मुख्य काम. माणसाचे काम उठणे, हाळी देणे, उजेड करणे व कळप फुटू न देणे हे. तिन्ही अंगे परस्परावलंबी आहेत. माणूस नसेल तर कुत्र्याचे भुंकणे व्यर्थ, आणि जाळे नसेल तर माणसाचे उठणे उशिराचे.

घाट उतरताना या व्यवस्थेला निराळ्या शत्रूशी जुळवून घ्यावे लागते. देशावरील उघड्या माळांवर मुख्य भय लांडग्याचे. तो दिवसाउजेडीही येतो, कळपाच्या कडेचे कोकरू हेरतो आणि चरताना मागे रेंगाळणारे जनावर उचलतो. तेथे खरी कसोटी चराईच्या वेळी लागते. कोकणात उतरल्यावर भय बिबट्याचे, व तेही प्रामुख्याने रात्रीचे. अलिबागच्या खाडीकडील खारेपाट उघडा आहे, तेथे खाजणातील कोल्ह्यांपासून कोकरे सांभाळावी लागतात. परंतु सागरगड, कनकेश्वर यांसारख्या डोंगरांच्या पायथ्यांची शेते रानाला लागून आहेत. दक्षिणेस मुरूड-रोहा परिसरात फणसाडचे अरण्य आहे. जंजिऱ्याच्या नबाबांची ती शिकारीची राखीव जागा होती. १९८६ मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला. मराठी खेडुताच्या बोलीत ‘वाघ’ हा शब्द पट्टेरी वाघ व बिबट्या या दोहोंनाही लागतो, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. ‘वाघ आला होता’ या वाक्यावरून जातीचा निर्णय करता येत नाही.

या ठिकाणी शेतकरी व मेंढपाळ यांच्या हितसंबंधांत एक सूक्ष्म विसंगती उत्पन्न होते. कळप कोठे बसवावयाचा, हे मोबदला देणारा शेतकरी ठरवितो. घराजवळच्या शेतात गोठ्यातील शेणखत सहज पोहोचते. खताची निकड असते ती दूरच्या, हलक्या जमिनीला, आणि अशी जमीन बहुधा डोंगराच्या कडेला असते. मेंढपाळाला तळ हवा असतो तो शिवाराच्या मध्यभागी, झाडोऱ्यापासून दूर, जेथे चहूकडे नजर पोहोचेल असा. म्हणजे जेथे खताचे मोल अधिक, तेथेच धोकाही अधिक. धोका पत्करण्याचे मोल मोबदल्यात धरले जाते की नाही, हे प्रत्येक सौद्यात मेंढपाळाच्या गरजेवर अवलंबून राहते. मनूच्या नियमात रात्रीची जबाबदारी पशू कोणाच्या आवारात आहेत यावरून ठरत होती. येथे पशू रात्री शेतकऱ्याच्या भूमीत असतात, तिला खत देत असतात, पण जबाबदारी सर्वस्वी मेंढपाळाची राहते. कारण तोच पाल व तोच स्वामी असतो.

पक्का कोंडवाडा हा यावर उपाय नव्हे काय, असा प्रश्न कोणी विचारील. उंच व वरून झाकलेले आवार बिबट्याला अडवू शकते हे खरे. परंतु ते अर्धवट असेल, एखादी फट राहिली असेल, तर आत शिरलेल्या बिबट्यापुढे मेंढरांना पळावयास जागा राहत नाही आणि एका रात्रीत अनेक मेंढरे मरतात. शिवाय दर दोनतीन रात्रींनी जागा बदलणाऱ्या वाड्याला पक्के आवार परवडत नाही. जागा बदलली नाही, तर खत पसरत नाही, आणि खत पसरले नाही, तर शेतकऱ्याला कळप नको असतो. हलके, गुंडाळून तट्टावर टाकता येणारे जाळे ही या अर्थव्यवस्थेची गरज आहे. त्याचा दुबळेपणा माणसाच्या जागरणाने भरून काढावयाचा असतो.

५

इंग्रजी अमदानीत या प्रश्नाचे स्वरूप पालटले. इंग्लंडात लांडगा सोळाव्या शतकाच्या सुमारास नामशेष झालेला होता. तेथेही नांगरटीच्या जमिनीवर तट्ट्यांच्या आवारात मेंढ्या बसवून खत घेण्याची पद्धत होती, पण ती श्वापदरहित प्रदेशातील पद्धत होती. श्वापद हे नष्ट करावयाचे संकट आहे, ही धारणा राज्यकर्त्यांबरोबर येथे आली आणि वाघ, बिबटे, लांडगे मारणाऱ्यास बक्षीस देण्याची पद्धत सुरू झाली. महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून दाखविले आहे, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० हून अधिक वाघ, १,५०,००० हून अधिक बिबटे व सुमारे २,००,००० लांडगे बक्षिसांसाठी मारले गेले. या व्यवस्थेत पुरावा म्हणून सादर व्हावयाचे ते मारलेल्या श्वापदाचे कातडे वा मुंडके. कौटिल्याच्या अधिकाऱ्यापुढे मेंढीचा कान येत असे. इंग्रज अधिकाऱ्यापुढे लांडग्याचे कातडे येऊ लागले. राखण हा विषय सरकारच्या दृष्टीआड झाला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पुन्हा नवे वळण दिले. लांडगा व बिबट्या यांना आज या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मेंढपाळाने त्यांना मारणे हा गुन्हा ठरतो. त्याच्या बदल्यात, वन्य प्राण्याने मारलेल्या पशुधनाबद्दल वनविभाग नुकसानभरपाई देतो. त्यासाठी घटना ठराविक मुदतीत कळवावी लागते, शव जागेवरून हलवावयाचे नसते आणि पंचनामा व्हावा लागतो. पशुधन विम्याच्या दाव्यात कानातील बिल्ल्याचीही मागणी होते. ‘कानाची खूण’ अशा रीतीने परत आली आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातील तरतूद व आजचा बिल्ला यांतील साम्य निश्चितच उद्बोधक आहे.

परंतु साम्य येथेच संपते. जुन्या नियमात मेलेल्या मेंढीबरोबर पालाच्या वर्तनाचीही चौकशी होती : कळप रोधलेला होता काय, पाल धावला काय, त्याने हाळी दिली काय. आजच्या पंचनाम्याला मृत जनावर व श्वापदाची चिन्हे पुरतात. ज्या मेंढपाळाच्या जागरणामुळे बिबट्या हात हलवीत परत गेला, त्याचा या हिशेबात कोठेच उल्लेख येत नाही. शिवाय सर्व प्रक्रिया एका जागी राहणाऱ्या पशुपालकाला समोर ठेवून आखलेली आहे. परक्या जिल्ह्यात, परक्या शेतात उतरलेल्या माणसाने शव राखीत थांबावे, तर उरलेल्या कळपाचा चारा थांबतो. वाड्याबरोबर पुढे जावे, तर दावा मागे राहतो.

६

युरोपातील अलीकडचा अनुभव या संदर्भात उपयुक्त आहे. स्पेनमध्ये १२७३ मध्ये दहाव्या आल्फोन्सोने मान्यता दिलेल्या व १८३६ पर्यंत टिकलेल्या मेस्ता या मेंढपाळ संघाच्या छत्राखाली लाखो मेंढ्या दरवर्षी स्थलांतर करीत. त्यांच्याबरोबर मॅस्टिफ जातीचे कुत्रे असत व लांडग्याच्या दातांपासून बचाव म्हणून त्यांच्या गळ्यांत खिळ्यांचे पट्टे घालीत. फ्रान्समध्ये मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लांडगा नाहीसा झाला आणि त्याबरोबर राखणीची विद्याही विसरली गेली. १९९२ मध्ये इटलीच्या बाजूने लांडगे मेर्कांतूरच्या डोंगरांत परत आले, तेव्हा ती विद्या नव्याने, सरकारी खर्चाने उभी करावी लागली. तेथील शासन ज्या उपायांना साहाय्य देते ते असे : राखणीचे कुत्रे, रात्रीची हलविता येणारी जाळीची आवारे आणि जादा मेंढपाळ. म्हणजे कुत्रा, वाघर आणि माणूस! २०१९ पासून तेथे नुकसानभरपाईही काही अंशी या उपायांशी जोडली गेली आहे. एका अर्थाने ‘संरुद्ध’ व ‘अवरुद्ध’ हा भेद तेथे पुन्हा अवतरला आहे.

आपल्याकडे भरपाईला अशी अट घालावी, असे सुचविण्याचा हेतू नाही. अटीचा भार नेहमी दुर्बळावर प्रथम पडतो, आणि ज्याला तळाची जागा निवडण्याचे स्वातंत्र्य नाही, त्याला तळाच्या जागेबद्दल जबाबदार धरणे न्याय्य होणार नाही. सुचवावयाचे आहे ते याच्या उलट. जी राखण फ्रान्सला पैसे खर्चून पुन्हा शिकावी लागली, ती येथे अखंड चालू आहे. तिचा खर्च आजवर केवळ मेंढपाळाने सोसला आहे. लांडगा व बिबट्या वाचावेत हा समाजाचा निर्णय असेल, तर रात्री जागणारा माणूस हा त्या निर्णयाचा प्रत्यक्ष अंमल करणारा आहे. त्याच्या जाळ्याला, कुत्र्याला व जागरणाला साहाय्य देणे हे मेलेल्या मेंढीचे मोल देण्याइतकेच शासनाचे कर्तव्य ठरते. निदान पंचनाम्यात कळप कसा रोधलेला होता, याचा एक रकाना असावा. त्यावरून काही वर्षांत तरी कोणता उपाय कोठे उपयोगी पडतो, हे समजेल.

आपल्या विभागापुरते एक काम यातून निघते. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कोकणातील बोलींमध्ये धनगरीची नोंद आहे. परंतु कोकणात स्थायिक असलेले धनगर व घाटावरून येणारे मेंढपाळ यांची बोली एक मानता येणार नाही. हिवाळ्यात उतरणाऱ्या वाड्यांच्या बोलीतील राखणीचा शब्दसंग्रह स्वतंत्रपणे नोंदविला पाहिजे : जाळ्याच्या भागांची नावे, तळ टाकण्याच्या रीती, श्वापदाची चाहूल सांगणारे शब्द, निरनिराळ्या प्रसंगीच्या हाळ्या, कुत्र्यांना दिल्या जाणाऱ्या आज्ञा. वाड्यातील तरुण मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी बाहेर पडत आहेत, आणि ते योग्यच आहे; परंतु रात्रीच्या पाळीला माणसे कमी पडू लागली, की प्रथम राखण ढिली होते आणि मागोमाग तिचे शब्द जातात. हे वाडे आपल्या दारापर्यंत दरवर्षी येतात. भात कापून झाल्यावर एखाद्या सायंकाळी वाघर उभी राहत असताना तेथे उपस्थित राहणे आणि विचारणे, एवढेच या संशोधनासाठी प्रारंभी पुरेसे आहे.